खबर आणि खबरदारी : उद्योगसंस्थेचा लौकिक आणि कामगाराजवळची माहिती

पेढीच्या किंवा कारखान्याच्या चांगल्या नावासाठी मराठीत तीन शब्द सहज वापरले जातात : पत, अब्रू आणि लौकिक. तिन्हींचा अर्थ एक नाही. पत बाजारात असते. दिलेला शब्द किती पाळला, देणे मुदतीत फेडले की नाही, यावर ती ठरते. अब्रू घराची असते. ती राखावयाची, प्रसंगी झाकावयाची असते, आणि जाते तेव्हा एकाएकी जाते. लौकिक मात्र लोकांपाशी असतो. शब्दातच ते सांगितलेले आहे. संस्था त्याची धनी नसते. लोक संस्थेविषयी जे बोलतात त्याची गोळाबेरीज म्हणजे तिचा लौकिक. जनसंपर्काच्या व्यवहारात या तिन्हींची गल्लत होते, आणि ती निरुपद्रवी नसते. लौकिक हा अब्रूसारखा झाकून राखता येतो अशी समजूत झाली, की संस्थेच्या आत काय चालले आहे हे आतल्याच माणसांना न सांगण्याची प्रथा पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे व्यापारी शहाणपण मग कारखान्याच्या फाटकाच्या आतही लागू केले जाते.

लौकिक घडतो तरी कोठे? वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवर तो क्वचितच घडतो. पाळी सुटल्यावर एस.टी.च्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, वाण्याच्या दुकानापुढे कोणीतरी विचारतो, ‘तुमच्याकडे म्हणे माणसे कमी करणार?’ किंवा ‘तुमच्या त्या औषधात काही निघाले म्हणतात, खरे का?’ हा प्रश्न संचालकाला कोणी विचारीत नाही. तो लेथवर उभे राहणाऱ्याला, टपाल पाहणाऱ्या कारकुनाला, रखवालदाराला विचारला जातो. त्याच्यापाशी तीन उत्तरे असू शकतात. एक, जे खरे आहे ते. दुसरे, ‘मला ठाऊक नाही.’ आणि तिसरे, ‘आम्हांला कोण सांगतो!’ दुसऱ्या उत्तराने संस्थेचे फारसे बिघडत नाही. तिसऱ्याने बिघडते, कारण त्यात अज्ञानापेक्षा अपमान अधिक असतो, आणि ऐकणारा तो अपमान नेमका ओळखतो. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे जनसंपर्कविषयक उपाध्यक्ष म्हणून १९२७ ते १९४६ या काळात काम केलेल्या आर्थर पेज यांच्या नावाने जी तत्त्वे पुढे रूढ झाली, त्यांत संस्थेचे खरे स्वरूप तिच्या माणसांतून प्रकट होते हे एक आहे. तत्त्व सोपे आहे. अडचण त्याच्या वापरात आहे. कारण कामगाराला माहिती देण्याचे दोन अगदी भिन्न हेतू संभवतात. त्याने संस्थेची स्तुती करावी हा एक, आणि विचारलेल्या प्रश्नाला त्याला खरे उत्तर देता यावे हा दुसरा. गृहपत्रिका, म्हणजे संस्थेने आपल्या माणसांसाठी व ग्राहकांसाठी चालविलेले नियतकालिक, हा या दोन हेतूंच्या ओढाताणीचा लिखित पुरावा होय, आणि म्हणून तो वाङ्मयाच्या अभ्यासकानेही वाचण्याजोगा आहे.

मराठीत या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण एका ओसाड माळावर जन्मले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावहून आपला कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या खडकाळ जमिनीवर १९१० मध्ये हलविला. त्या रेल्वेस्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले, यावरून वसाहतीचा लौकिक किती दूर पोचला हे दिसते. परंतु आरंभी प्रश्न लौकिकाचा नव्हता, गैरसमजाचा होता. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. ही समजूत जाहिरातीने जाण्यासारखी नव्हती. शेतकरी ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवी तो माणूस त्याच्यासारखाच बोलणारा, नांगर धरलेला, लोखंडाचा रस ओतताना पाहिलेला असावा लागे. असे लोक कारखान्याने नेमलेल्या गावकऱ्यांतच होते. वसाहत लहान, राहण्याची जागा व कामाची जागा एकमेकींना लागून. भट्टी बिघडली तर ती बातमी रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक घरात पोचणार. अशा ठिकाणी कामगारापासून काही लपविणे अनीतीचे होते की नाही हा प्रश्न दूरच; ते मुळात शक्यच नव्हते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे कामावर, राखणीवरसुद्धा, ठेवले ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. ती सांगताना लक्ष्मणरावांच्या औदार्यावर भर दिला जातो. तिची दुसरी बाजू अशी, की ज्याच्यावर जगाने अविश्वास दाखविला त्याच्या हाती किल्ल्या देणे ही त्या माणसाला दिलेली सर्वांत मोठी माहिती होती. संस्था आपल्याला काय समजते, हे त्याला त्या किल्ल्यांनी कळले.

या वाडीत १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव लक्ष्मणरावांचे पुतणे. शिक्षण चित्रकलेचे, काम विक्री व जाहिरातीचे. कारखान्याच्या मालाची व कारभाराची वार्ता देणारे हे पत्रक होते. थोड्याच वर्षांत त्यात कथा, निबंध, समाजसुधारणेचे विचार येऊ लागले. ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ एवढेच नाव उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकाने छापले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ही वाढ योग्य गौरवाने नोंदली गेली आहे. तथापि वाङ्मयेतिहासाने एक प्रश्न विचारलेला दिसत नाही. घरची पत्रिका जगाची झाली, तेव्हा घराला कोण सांगत होते? मासिक जितके बाहेर पाहू लागले तितका कारखाना त्याच्या पानांवरून मागे सरला. हा दोष म्हणावयाचा नाही. शंकररावांना संपादक म्हणून जे दिसत होते ते नांगरापेक्षा मोठे होते, आणि मराठी वाचकाचा त्यात लाभच झाला. परंतु एका कामाचे यश दुसऱ्या कामाची जागा घेते, आणि रिकामी झालेली जागा कोणाच्या ध्यानात येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

नावातून गळालेला शब्दही विचारात घेण्यासारखा आहे. ‘खबर’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली आणि येथे तिचा मोठा गोतावळा झाला. खबर म्हणजे वार्ता. खबर घेणे म्हणजे चौकशी करणे आणि, स्वर जरा चढला तर, झाडणे. बेखबर तो, ज्याला कळलेले नाही. आणि खबरदार तो, ज्याला कळले आहे व म्हणून जो सावध आहे. वार्ता आणि सावधपणा यांचे नाते या भाषेने एकाच धातूत जपले आहे. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ची अक्षरे उलटून झाला असावा असा एक तर्क मांडला जातो. तो व्युत्पत्ती म्हणून टिकतो की नाही हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. गृहपत्रिकांच्या बाबतीत मात्र तो प्रत्यक्ष घडताना दिसतो. खबर म्हणून सुरू झालेले पत्रक थोड्या वर्षांत धन्याच्या पराक्रमाची बखर होऊन बसते : अध्यक्षांची भेट, नव्या यंत्राचे पूजन, क्रीडास्पर्धांची छायाचित्रे, पंचवीस वर्षे सेवा केलेल्यांना घड्याळे. यांतले काहीही खोटे नसते. कामगाराला जे विचारले जाते त्याचे उत्तर मात्र त्यात कोठेही नसते.

हे प्रथम उघडपणे बोलले गेले ते अमेरिकेत, किर्लोस्करवाडीच्या पाऊणशे वर्षे आधी. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल हे मेरिमॅक नदीकाठचे गिरणगाव. तेथील कापडगिरण्यांत न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतल्या तरुण मुली काम करीत आणि कंपनीच्या वसतिगृहांत राहत. १८४० मध्ये तेथे ‘लोवेल ऑफरिंग’ हे नियतकालिक निघाले. त्याचा सर्व मजकूर गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांनीच लिहिलेला असे, ही त्याची अपूर्वाई. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स लोवेलला गेले, अंक सोबत घेऊन आले, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्यांची मोकळी प्रशंसा केली. इंग्लंडमधील गिरण्यांचा धूर डोळ्यांपुढे असलेल्या लेखकाला हे दृश्य विलक्षण वाटावे यात नवल नाही. गिरण्यांना यापेक्षा चांगला जनसंपर्क पैसे मोजूनही मिळाला नसता : आतली माणसे, स्वतःच्या हाताने, सुसंस्कृत भाषेत लिहीत आहेत, आणि साऱ्या जगाला ते दिसत आहे.

परंतु याच लोवेलमध्ये मजुरीतील कपात आणि वसतिगृहाच्या भाड्यातील वाढ यांविरुद्ध १८३४ व १८३६ मध्ये मुलींनी काम बंद पाडले होते, आणि १८४५ च्या सुमारास दहा तासांच्या दिवसाची मागणी राज्याच्या विधिमंडळापुढे गेली होती. ‘ऑफरिंग’मध्ये निसर्गवर्णने होती, बोधकथा होत्या, घरच्या आठवणी होत्या, तासांचा व मजुरीचा हा वाद त्यात जवळजवळ नव्हता. जुलै १८४५ मध्ये कामगार-कार्यकर्त्या सेरा बॅगली यांनी जाहीर सभेत असा आरोप केला, की गिरण्यांवर टीका करणारे आपले लेख त्यांनी नाकारले आणि हे पत्र मालकांचे मुखपत्र झाले आहे. संपादिका हॅरिएट फार्ली यांनी त्याला उत्तर दिले. त्यांची भूमिका क्षुल्लक नव्हती. गिरणीत काम करणारी स्त्री लिहू शकते, विचार करू शकते, हे जगाला दाखविणे हेच या पत्राचे कार्य, आणि भांडण त्याच्या कक्षेत नाही, असे त्यांना वाटे. दोघींच्या वादात पत्राचा बळी गेला. १८४५ अखेर ते बंद पडले. वाचक स्त्रिया ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’सारख्या पत्रांकडे वळल्या, त्यांची भाषा तितकी सुबक नव्हती, पण त्यांत तास होते आणि मजुरी होती.

या वादाचा निकाल फार्लींच्या विरुद्ध लावणे सोपे आहे, आणि बहुधा तोच लावला जातो. त्यात थोडा अन्याय आहे. फार्लींनी खोटे काही छापले नव्हते. त्यांची चूक निवडीची होती : जगाला अभिमानाने दाखविता येईल ते त्यांनी छापले, वाचणाऱ्या मुलीला शेजारणीने काय विचारले असेल याचा विचार केला नाही. बाहेरचा वाचक डिकन्स होता. आतला वाचक हळूहळू दुरावला. आतल्या वाचकाचा विश्वास गेल्यावर बाहेरच्या प्रशंसेने पत्र तरले नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

भारतात हा प्रश्न गृहपत्रिकेच्याही आधीच्या पायरीवर अडला होता. मुंबईच्या गिरण्यांत व्यवस्थापक आणि कामगार यांच्या मध्ये जॉबर उभा असे. भरती, रजा, बदलीवर लागणे, उसनवारी, कधी खोलीही त्याच्याच हाती. साहेबाची भाषा एक, कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाची दुसरी. आणि वरचा हुकूम खाली व खालची तक्रार वर नेणारा दुभाष्या हाच. त्याच्या तोंडून जे गळे तेवढेच दोन्ही बाजूंना कळे. १९२९ मध्ये नेमलेल्या, व्हिटले आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये जॉबरच्या हातून भरती काढून घेण्याची आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. लाचलुचपत हे त्याचे प्रकट कारण. आयोगाच्या शिफारशीत माहितीचा मार्ग बदलण्याचा विचारही दडलेला आहे : मध्यस्थ जेथे वार्ता विकतो तेथे वार्तेला मोल येते, आणि सत्य कमी पडते.

स्वातंत्र्यानंतर हा मार्ग करारांनी व योजनांनी रुंद करण्याचा प्रयत्न झाला. जमशेदपूरच्या पोलाद कंपनीने १९५६ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात विभाग, कारखाना व कंपनी अशा तीन स्तरांवर संयुक्त विचारविनिमयाची मंडळे मान्य केली. १९५७ च्या भारतीय श्रमपरिषदेनंतर, १९५८ पासून, संयुक्त व्यवस्थापन मंडळांची योजना आली. तीत केवळ माहिती मिळण्याचा म्हणून एक वेगळा हक्क मांडला होता : उद्योगाची सर्वसाधारण आर्थिक स्थिती, बाजार, उत्पादन व विक्री, वार्षिक ताळेबंद व त्याचे स्पष्टीकरण. कागदावर ही यादी आजही मोठी वाटते. योजना ऐच्छिक होती आणि फारशी फोफावली नाही. १९७५ च्या नव्या योजनेने तिची जागा घेतली. तिच्या अपयशाची कारणे अनेक; त्यांतील एक असे, की ताळेबंद मंडळातील चार प्रतिनिधींपुढे ठेवला म्हणजे तो सात हजार माणसांना समजला असे मानले जाई. ताळेबंद वाचून दाखविणे आणि समजावून देणे यांत अंतर आहे. ते अंतर भाषेचे आहे.

भाषेचा मुद्दा कायद्याने ओळखला नव्हता असे नाही. १९४६ च्या औद्योगिक सेवाशर्तींच्या कायद्याने स्थायी आदेश फाटकाजवळच्या फलकावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावयास सांगितले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सूचनाफलकांसाठी तीच अट घातली. ‘बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा’ ही शब्दयोजना भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी सहसा लक्षात घेतलेली नाही. राजभाषा, शिक्षणाचे माध्यम, साहित्याची भाषा यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. ज्या भाषेत माणसाला त्याच्या पगाराचा, रजेचा आणि जिवाचा नियम सांगावयाचा त्या भाषेबद्दल या देशात फार थोडे लिहिले गेले आहे.

ती भाषा नसली म्हणजे काय होते याचे उदाहरण भोपाळ होय. युनियन कार्बाइडचे नाव या देशात दीर्घकाळ चांगले होते. टॉर्चमध्ये घालावयाच्या तिच्या सेलवर खेड्यांनी रात्री काढल्या. १९६२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीने केलेल्या एका जाहिरातीत भारतातील शेतीच्या दृश्यावर आकाशातून एक प्रचंड हात चंचुपात्रातील लाल द्रव ओतताना दाखविला होता. विज्ञान नव्या भारताच्या उभारणीस साहाय्य करते असा त्याचा आशय. त्या चित्रात शेतकरी होता, बैल होते. कारखान्यात काम करणारा माणूस नव्हता. भोपाळच्या कारखान्यात १९८० च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट तयार होऊ लागले. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीने एक कामगार मरण पावला. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून अनेक उणिवा नोंदविल्या. तो अहवाल इंग्रजीत होता आणि वरच वाचला गेला. त्याच वर्षी कामगार संघटनेने धोक्याचा इशारा देणारी भित्तिपत्रके लावली, आणि राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या लहानशा हिंदी साप्ताहिकात शहरावर ओढवू पाहणाऱ्या संकटाविषयी लेख लिहिले. केसवानींना आतली माहिती मिळाली ती कारखान्याशी संबंध असलेल्या माणसांकडून. म्हणजे कामगार बाहेर बोलत होते. संस्थेचा लौकिक घडत होता. फक्त तो संस्थेने ऐकला नाही.

प्रक्रियेच्या नियमपुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या वाचून समजू शकणारे कामगार थोडे होते, असे दुर्घटनेनंतरच्या वृत्तांतांतून पुढे आले. याहून बोलके आहे ते भोंग्याचे प्रकरण. लहानसहान गळतीने भोवतालची वस्ती घाबरू नये यासाठी बाहेरचा भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद करावा अशी कारखान्याची रीत होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे चाळीस टन विषारी द्रव्य वायुरूपाने बाहेर पडू लागले तेव्हाही तसेच झाले. आतला भोंगा वाजत राहिला, बाहेरचा गप्प झाला आणि पुन्हा वाजला तो फार उशिरा. भोंगा ही कोणत्याही कारखान्याची सर्वांत जुनी गृहपत्रिका; तिला लिपी लागत नाही. तीच लौकिकासाठी मुकी केली गेली. ओल्या फडक्याने तोंड झाकावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी साधी गोष्ट कारखान्याभोवतीच्या झोपड्यांना कोणी आधी सांगितली नव्हती. रुग्णालयात डॉक्टरांना वायूचे नेमके स्वरूप व उपचार कळेनात. तत्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९ आहे. नंतरचे आकडे त्याहून पुष्कळ मोठे आहेत. कारखान्यातील कामगार त्याच वस्त्यांत राहत होते. त्यांना पूर्ण माहिती असती तर ती त्यांच्या घरी, आणि घरातून गल्लीत, आपोआप गेली असती. तिच्यासाठी जनसंपर्क विभागाची गरज पडली नसती.

भोपाळनंतर कायदा बदलला. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात जे कलम घातले त्यात धोकादायक प्रक्रियेची, तिच्या आरोग्यावरील परिणामांची व प्रतिबंधक उपायांची सर्व माहिती उघड करण्याचे बंधन कारखानदारावर टाकले. ती कोणाला द्यावयाची, याचा क्रम वाचण्यासारखा आहे : प्रथम कारखान्यातील कामगार, मग मुख्य निरीक्षक, मग स्थानिक संस्था, आणि शेवटी आसपासची सर्वसामान्य जनता. मसुदा करणाऱ्याने हा क्रम जाणूनबुजून ठेवला की सहज, हे महत्त्वाचे नाही. वार्ता प्रत्यक्षात ज्या वाटेने जाते ती वाट त्यात बरोबर उतरली आहे.

भोपाळच्याच दशकात उलट बाजूचे एक उदाहरण घडले, आणि ते व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत इतके घोटले गेले आहे की येथे थोडक्यात उल्लेख पुरे. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सुलांत कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात माणसे दगावली. उत्पादक कंपनीने सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागविल्या. बाहेरच्या जगाला हे दिसले. कमी दिसले ते असे, की कंपनीने कामगारांना व निवृत्तांनाही पत्रांनी आणि चित्रफितींनी घडामोडी कळवीत ठेवल्या. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे १९४३ पासून भिंतीवर टांगलेले कंपनीचे कर्तव्यपत्र ठेवावे की उतरवावे, यावर १९७५ च्या सुमारास तिने आपल्या व्यवस्थापकांना उघड वाद घालावयास लावले होते. संकट आले तेव्हा आतल्या माणसांना नवे काही पाठ करावे लागले नाही.

अर्थात कंपनीने सर्व काही आधी कामगारांना सांगावे हा उपदेश आज तितका सरळ उरलेला नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला भावावर परिणाम करणारी अप्रकट माहिती निवडक लोकांना आधी देता येत नाही. भारतात १९९२ पासून तसे नियम आहेत. विलीनीकरणाची किंवा कारखाना विकल्याची वार्ता कामगाराला सकाळच्या वृत्तपत्रात वाचावी लागते ती पुष्कळदा यामुळे. गुंतवणूकदारांतील समता राखण्यासाठी केलेला हा नियम योग्यच आहे. परंतु बाजाराला कळविल्यानंतरच्या पहिल्या तासात, त्याच्याच भाषेत, कामगाराला सांगावयास तो आड येत नाही. आणि यंत्रातील बिघाड, हवेतील वायू, बंद पडलेली झडप ही माहिती तर त्या नियमाच्या वाऱ्यालाही उभी नाही. गुप्ततेची सबब या दोन्हींना सारखीच लावली जाते.

१९४६ च्या कायद्याने ज्या ‘बहुसंख्य कामगारां’ची कल्पना केली तो समूहही पालटला आहे. चाकणच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्याच्या फाटकातून सकाळी आत जाणाऱ्यांत मराठवाड्यातला तरुण असतो, तसाच बिहारमधला, ओडिशातला, झारखंडमधला; आणि त्यांतील पुष्कळ जण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. कंपनीच्या पत्रिकेला ते आपले वाचक वाटत नाहीत. आणीबाणीच्या सरावात त्यांना रांगेत उभे केले जाते, पण रांग कशासाठी हे सांगणारा मुकादमच असतो, म्हणजे जुना जॉबर नव्या शिरस्त्राणात. संध्याकाळी ते भाड्याच्या खोल्यांकडे परततात. खोलीच्या मालकिणीने विचारलेच, की आत काय बनते आणि त्याचा वास कसला येतो, तर उत्तर द्यावयाचे असते ते त्यांनीच.